जिम सुटली, हप्ता सुटेना

महिन्याची पाच तारीख उजाडते आणि मोबाइलवर बँकेचा संदेश येतो : खात्यातून अडीच हजार रुपये वजा. कशाचे, हे आठवायला जरा वेळ लागतो. मग लक्षात येते, जिमचे! गुडघा दुखू लागला म्हणून जिम तर दोन महिन्यांपूर्वीच सोडली होती. काउंटरवर तसे सांगितले होते, ट्रेनरला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले होते, त्यावर त्याचा अंगठाही आला होता. तरी पैसे गेलेच. विचारणा केली तर उत्तर मिळते, ‘सिस्टिममधून आपोआप जातात, पुढच्या महिन्यापासून बंद होतील.’ पुढच्या महिन्यात पाच तारखेला पुन्हा तोच संदेश.

तालमीत महिन्याची वर्गणी वस्तादांच्या हातात द्यायची पद्धत होती. जाणे थांबले की देणेही आपोआप थांबे. आता जाणे आणि देणे यांचा एकमेकांशी संबंध उरलेला नाही. जिम सोडणे ही एक क्रिया आणि पैसे थांबवणे ही दुसरी. बहुतेक सभासद पहिली करतात आणि दुसरी झालीच असे गृहीत धरतात. यात जिमचा कारभार जबाबदार असतोच, पण माणसाच्या मनाची ठेवणही तेवढीच कारणीभूत असते. या ठेवणीचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी चक्क जिमच्या हजेरीपटावरूनच केला आहे.

‘उद्याचा मी’ फार शिस्तीचा

स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन हेल्थ क्लबमधील ७,७५२ सभासदांच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासल्या. २००६ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचे शीर्षकच ‘जिमला न जाण्यासाठी पैसे मोजणे’ अशा अर्थाचे आहे. महिन्याला ७० डॉलरहून अधिक ठरावीक शुल्क भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच जिममध्ये गेले. म्हणजे एका खेपेची किंमत १७ डॉलरहून अधिक पडली. त्याच क्लबमध्ये दहा खेपांचा पास घेतला असता, तर एक खेप दहा डॉलरना पडली असती. सदस्यत्वाच्या काळात अशा सभासदांनी सरासरी ६०० डॉलर जास्तीचे मोजले.

ही माणसे हिशोबात कच्ची होती असे नाही. त्यांचा अंदाज चुकला तो स्वतःबद्दल. संशोधकांनी केलेल्या एका पाहणीत लोकांनी आपण महिन्याला साडेनऊ वेळा जिमला जाऊ, असे सांगितले होते. प्रत्यक्षातली हजेरी त्याच्या निम्म्याहूनही कमी होती. नाव घालताना माणूस आजच्या थकलेल्या, कामाने पिचलेल्या स्वतःचा विचार करत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर पहाटे साडेपाचला उठणारा उद्याचा ‘मी’ असतो.

हा उत्साह विशिष्ट दिवशी उसळतो, हेही दिसून आले आहे. हेंगचेन दाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवडा, महिना, वर्ष किंवा सत्र सुरू होताना जिमची हजेरी वाढलेली आढळली. नवी पाटी कोरी वाटते, जुने आळसाचे दिवस मागच्या हिशोबात जातात. आपल्याकडे एक जानेवारी आणि पाडव्याच्या सुमारास जिमच्या सवलतींचे फलक झळकतात ते याच बेताने. ‘आजच भरा, उद्या ही ऑफर नाही’ हे वाक्य उत्साह ओसरण्याआधी वर्षभराचे पैसे घेण्यासाठी असते.

पैसे भरल्याची टोचणीही फार काळ टिकत नाही. जॉन गुरविल आणि दिलीप सोमण यांनी १९९८ च्या अभ्यासात वर्षातून दोनदा शुल्क घेणाऱ्या एका क्लबची हजेरी पाहिली. शुल्क भरल्यावर लगेच हजेरी वाढायची, मग महिन्यागणिक उतरत जायची आणि पुढचे शुल्क भरले की पुन्हा वर यायची. एकरकमी भरलेले पैसे मनातून हळूहळू ‘जुने’ होत जातात.

विसरण्यावर चालणारी कमाई

डेलाविन्या आणि माल्मेंडियर यांच्या नोंदींत आणखी एक गोष्ट आढळली. महिन्याचे शुल्क आपोआप कापले जाणारे सभासद शेवटची खेप आणि सदस्यत्व रद्द करणे यांच्यामध्ये सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ घालवत होते. या काळात एकदाही न जाता त्यांचे सुमारे १८७ डॉलर गेले. गंमत अशी, की केव्हाही सोडता यावे म्हणून हे लोक दरमहा जास्त दर देत होते. तरीही वर्षभराचे पैसे एकदम भरणाऱ्यांच्या तुलनेत वर्ष उलटल्यावरही सभासद राहण्याची त्यांची शक्यता १७ टक्क्यांनी अधिक होती. दार उघडे होते, पण उठून बाहेर जायचे काम रोज उद्यावर ढकलले जात होते.

या चालढकलीची किंमत लिरान आयनाव, बेन क्लोपॅक आणि नील महोनी यांनी २०२३ मध्ये वेगळ्या मार्गाने मोजली. कार्डाची मुदत संपून नवे कार्ड आले की सदस्यत्व चालू ठेवण्यासाठी ग्राहकाला काहीतरी करावे लागते. नेमक्या याच वेळी सदस्यत्व रद्द होण्याचे प्रमाण एकदम वाढते. एरवी जे चालू होते ते हवे होते म्हणून नव्हे, तर कोणी लक्ष दिले नव्हते म्हणून. लक्ष नसण्यामुळे कंपन्यांचे उत्पन्न सेवेनुसार १४ टक्क्यांपासून २०० टक्क्यांहूनही अधिक वाढते, असा त्यांचा हिशोब आहे.

म्हणून नाव घालायला एक मिनिट पुरते आणि काढायला महिना लागतो, ही गोष्ट योगायोगाची नसते. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिले आहेत आणि ‘सदस्यत्वाचा सापळा’ हा त्यांतला एक आहे. रद्द करण्याची सोय लपवणे, ती अशक्य किंवा विनाकारण लांबलचक करणे, सूचना संदिग्ध ठेवणे हे सगळे त्यात येते. अ‍ॅपवरून नाव घालून घेणारी जिम ‘रद्द करायचे तर मॅनेजरला प्रत्यक्ष भेटा’ असे म्हणत असेल, तर तक्रारीत या तत्त्वांचा उल्लेख जरूर करावा.

पैसे कोणत्या वाटेने जातात?

जिमशी वाद घालण्यापूर्वी एक गोष्ट शोधावी : पैसे खात्यातून नेमके कोणत्या वाटेने जात आहेत? त्यावरच पुढचा उपाय ठरतो.

पहिली वाट यूपीआय ऑटो-पेची. ही सोय २०२० मध्ये सुरू झाली. ज्या अ‍ॅपमधून परवानगी दिली त्याच अ‍ॅपमध्ये ‘ऑटो-पे’ किंवा ‘मॅन्डेट’ या विभागात चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात. कोणाला, किती रकमेपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत पैसे घेता येतील, हेही तिथेच कळते. परवानगी तिथूनच रद्द करता येते आणि त्यासाठी जिमची संमती लागत नाही.

दुसरी वाट क्रेडिट किंवा डेबिट कार्डावरच्या ई-मॅन्डेटची. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला कळवावे लागते. त्या संदेशात पैसे कोणाला, किती आणि केव्हा जाणार हे असते, आणि तो व्यवहार किंवा पूर्ण मॅन्डेटच नाकारण्याची सोयही असते. जाहिरातींच्या गर्दीत हा संदेश न वाचताच पुसला जातो. वास्तविक पैसे वाचवण्याची संधी त्याच २४ तासांत असते.

तिसरी वाट सर्वांत अवघड, कारण ती जिमची नसतेच. ‘वर्षाचे तीस हजार, नो कॉस्ट ईएमआय’ असे सांगून काउंटरवर फोनमध्ये दोन-तीन ओटीपी घेतले जातात. सभासदाला वाटते, जिमने हप्ते बांधून दिले. प्रत्यक्षात एका वित्त कंपनीने त्याच्या नावावर कर्ज दिलेले असते. कर्जाची रक्कम पहिल्याच दिवशी जिमच्या खात्यात गेलेली असते आणि सभासद बारा महिने वित्त कंपनीचे देणे फेडत असतो. अशा वेळी जिम सोडली, इतकेच काय, जिमला कायमचे कुलूप लागले, तरी हप्ता चालूच राहतो. जिमचा मॅनेजर ‘आमच्याकडून बंद केले’ म्हणतो तेव्हा तो कदाचित खोटे बोलत नसेल. हप्ता त्याच्या हातात नसतो, एवढेच.

इथे रागाच्या भरात मॅन्डेट रद्द करणे किंवा खाते रिकामे ठेवणे महागात पडू शकते. मॅन्डेट रद्द झाले तरी कर्ज रद्द होत नाही. हप्ता परत गेला की बँक आणि वित्त कंपनी दोन्हीकडून दंड लागतो आणि थकबाकीची नोंद पतमानांकनात जाते. दोन वर्षांनी घराच्या कर्जासाठी अर्ज केला की ही जुनी जिम समोर उभी राहते. खात्यात पैसे नसल्याने इलेक्ट्रॉनिक हप्ता न वटणे हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली, धनादेश न वटण्यासारखाच, गुन्हाही ठरू शकतो.

मग करायचे काय? जिम आणि वित्त कंपनी दोघांनाही एकाच दिवशी लेखी कळवावे. उरलेल्या महिन्यांची रक्कम जिमने वित्त कंपनीला परत करावी, कर्ज बंद करावे आणि तसे ‘ना देणे’ प्रमाणपत्र मिळावे, अशी स्पष्ट मागणी करावी. कर्ज नुकतेच घेतले असेल, तर डिजिटल कर्जाच्या नियमांत दंडाशिवाय बाहेर पडण्याची एक छोटी मुदत असते. ती किती दिवसांची आहे, हे कर्जासोबत मिळणाऱ्या ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये लिहिलेले असते. त्या मुदतीतही मूळ रक्कम फेडावी लागतेच. म्हणून जिमकडून परतावा मिळवणे हाच इथला खरा प्रश्न असतो. वित्त कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

‘नो कॉस्ट’ या शब्दालाही फार भुलू नये. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज कुठेतरी, कधी प्रक्रिया शुल्कात तर कधी नाकारलेल्या सवलतीत, धरलेले असतेच.

‘फी परत मिळणार नाही’

पावतीच्या मागे बारीक अक्षरात हे वाक्य छापलेले असते आणि ते वाचून बहुतेक जण माघार घेतात. पण छापले म्हणून ते अंतिम होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही कल्पना प्रथमच आली. कराराच्या भंगासाठी नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणे किंवा ग्राहकावर गैरवाजवी शुल्क आणि अटी लादणे त्यात बसते. सेवेत उणीव असतानाही, म्हणजे वचन दिलेला ट्रेनर नाही, यंत्रे महिनोन्महिने बंद, शाखाच हलवली, असे असतानाही ठरलेल्या मुदतीत पैसे परत न करणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते. पावतीवर मुदत दिलेली नसेल, तर ती ३० दिवसांची धरली जाते.

इथे एक फरक ध्यानात ठेवावा. केवळ कंटाळा आला म्हणून सोडलेल्या सभासदाची बाजू दुबळी असते. दुखापत, शस्त्रक्रिया, गर्भारपण, बदली ही कारणे कागदोपत्री दाखवता आली तर बोलणी वेगळी होतात. डॉक्टरांनी व्यायाम बंद ठेवायला सांगितला असेल, तर त्याची चिठ्ठी त्याच आठवड्यात घ्यावी आणि तिची प्रत जिमला पाठवावी. पूर्ण परतावा मिळाला नाही तरी सदस्यत्व काही महिने गोठवणे किंवा दुसऱ्याच्या नावावर करणे, यावर तडजोड होऊ शकते. नाव काढल्याच्या तारखेनंतर कापलेल्या पैशांबाबत मात्र कोणतीही सबब ऐकून घेण्याचे कारण नाही. ते मागायचेच.

त्यासाठी पुरावा लागतो, आणि काउंटरवर तोंडी सांगणे हा पुरावा नव्हे. ईमेल पाठवावा. त्यात सभासद क्रमांक, नाव काढण्याची तारीख, कारण आणि त्यानंतर कापलेल्या रकमा तारखेसह लिहाव्यात. उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत द्यावी. उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बरेचदा प्रकरण इथेच मिटते.

नाही मिटले, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगाकडे जाता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्ती नाही. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी. हप्ते कर्जाचे असतील, तर जिम आणि वित्त कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. निव्वळ अनुचित कराराचा मुद्दा राज्य आयोगाकडे जातो. त्यामुळे छोट्या रकमेसाठी सेवेतील उणीव आणि अनुचित व्यापारी प्रथा या मुद्द्यांवर जिल्हा आयोगाकडे जाणे सोयीचे पडते. अर्ज लिहिताना अडले, तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांकडे मार्गदर्शन मिळते.

पैशाच्या वादात शरीराचे नुकसान

या साऱ्या प्रकारात तब्येतीला दोन बाजूंनी धोका असतो. एक, पैसे भरले आहेत म्हणून दुखत असतानाही जात राहणे. बुडालेले पैसे वसूल करण्याची ही ओढ मानसशास्त्राला चांगली परिचित आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये नाटकांच्या हंगामी तिकिटांवर केलेल्या प्रयोगात, पूर्ण किंमत मोजलेले प्रेक्षक सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या भागात अधिक प्रयोगांना गेले. नाटक अधिक पाहिल्याने कोणाचे बिघडत नाही. सुजलेल्या गुडघ्यावर वजन घेऊन बैठका मारल्या तर मात्र बिघडते. भरलेले पैसे परत येवोत वा न येवोत, दुखऱ्या सांध्याचा निर्णय त्या पावतीवर अवलंबून असू नये.

दुसरा धोका याच्या उलटा, आणि अधिक मोठा. जिमशी भांडण झाले की अनेकांचा व्यायामच सुटतो. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार, भारतातील जवळपास निम्मे प्रौढ २०२२ मध्ये पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होते, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे ती आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाची आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणाऱ्या व्यायामाची. यातले पहिले भरभर चालण्याने साधते. दुसऱ्यासाठी जोर, बैठका, भिंतीला रेटून केलेले जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणे एवढेही सुरुवातीला पुरते. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि दुखापतीतून उठलेल्यांनी डॉक्टरांचा किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घेऊन सुरुवात करावी.

नाव घालण्यापूर्वी

* महिन्याचा दर आणि वर्षाचा दर यांचा हिशोब कागदावर करावा. समजा महिन्याला १,८०० आणि वर्षाचे १२,००० रुपये आहेत. वर्षाचा दर स्वस्त दिसतो, पण तो सहा महिन्यांहून अधिक काळ गेले तरच परवडतो. चार महिन्यांत जाणे थांबले, तर महिन्याच्या दराने ७,२०० रुपयेच गेले असते.
* पहिले तीन महिने दर महिन्याला स्वतःच्या हाताने पैसे भरावेत. ऑटो-पे नको, ईएमआयही नको. थोडे जास्त पडतील, पण दर महिन्याला ‘मी जातो आहे का?’ हा प्रश्न आपोआप पडेल.
* ऑटो-पे द्यावेच लागले, तर कमाल रक्कम आणि शेवटची तारीख वाचून मगच पिन टाकावा.
* ओटीपी देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हे कर्ज आहे का आणि ते कोणाचे?
* नाव काढण्याची पद्धत, पूर्वसूचनेचा काळ आणि परताव्याची अट लेखी मागावी. ‘तसं काही लागत नाही, आम्ही आहोत ना’ असे उत्तर आले, तर सही करू नये.
* नाव काढल्यावर पुढच्या दोन महिन्यांचे बँक विवरण डोळ्यांखालून घालावे.

महिन्याचे पैसे हाताने भरणारा माणूस एखाद्या महिन्यात भरायचे विसरला, तर त्याची फार तर एक खेप चुकते. जिम सवलत देते ती वर्षभराच्या पैशांसाठी. शरीराला मात्र आठवड्याला अडीच तास पुरतात, आणि ते कोणत्या छपराखाली दिले याची त्याला पर्वा नसते.